कोबीच्या कुळांतील रोपांची ओळख

घराच्या परसांत भाजीपाला करणारांस एक अडचण हमखास येते. बाजारांतून कोबी, फुलकोबी व नवलकोल अशीं तीन प्रकारचीं रोपें आणलीं, घरीं येईपर्यंत तीं एकमेकांत मिसळलीं, आणि वाफ्यांत लावल्यावर कोणतें रोप कोणाचें हें कोणासच सांगतां येईना, असें वारंवार घडतें. पुष्कळांस ही गोष्ट क्षुल्लक वाटते. “वाढलीं म्हणजे आपोआप कळेल,” असें म्हणून ते स्वस्थ बसतात. परंतु तिसगांवासारख्या गांवीं असें स्वस्थ बसणें परवडणारें नाहीं.

तिसगांव हें पाथर्डी तालुक्यांतील गांव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. येथील पाऊस थोडा व लहरी. तालुक्यांतील अनेक कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडणीसाठीं बाहेरगांवीं जातात. मागें राहिलेलीं म्हातारीं माणसें व मुलें असेल त्या पाण्यावर घरचे वाफे जगवितात. अशा ठिकाणीं प्रत्येक घागरीचा हिशोब ठेवावा लागतो. नवलकोल लावल्यापासून सुमारें दोन महिन्यांत काढणीस येतो. वेळेवर न काढल्यास तो निबर होतो व त्यांत दोरे धरतात. कोबीस बहुधा याहून अधिक दिवस लागतात. फुलकोबीचा गड्डा दिसूं लागतांच त्याच्यावर त्याचींच पानें मोडून झांकण करावें लागतें, नाहींतर उन्हानें तो पिवळा पडतो. ज्यास रोपाची ओळख नाहीं, त्याचें पाणीहि जातें आणि पीकहि जातें.

आतां हीं रोपें इतकीं सारखीं कां दिसतात तें पाहूं. कोबी, फुलकोबी, नवलकोल व अलीकडे बाजारांत येऊं लागलेली ब्रोकोली या चार निरनिराळ्या वनस्पति नव्हेत. वनस्पतिशास्त्रांत या सर्वांस ब्रासिका ओलेरासिया हें एकच नांव आहे, व प्रत्येकीच्या पेशींत गुणसूत्रें १८ च असतात. मनुष्यानें शेंकडों वर्षें निवड करून एकाच झाडाचे निरनिराळे अवयव फुगविले. शेंड्याची कळी वाढविली, तिचा कोबी झाला. खोड वाढविलें, त्याचा नवलकोल झाला. फुलोरा वाढविला, त्यापासून फुलकोबी व ब्रोकोली झालीं. भाजीसाठीं जो अवयव निवडला त्यांतच फरक मोठा पडला. फुलें, शेंगा व बिया जवळजवळ सारख्याच राहिल्या. चार्लस डार्विन यानें इ. स. १८६८ च्या आपल्या ग्रंथांत ही गोष्ट नमूद केली आहे. म्हणून बियाण्याकडे पाहून कोबी व फुलकोबी यांतला भेद करूं नये. अंकुरांतून प्रथम निघणारीं हृदयाकार दोन दळेंहि सर्वांचीं सारखींच असतात.

तेव्हां खरी परीक्षा पुढील पानांवर करावयाची. ती क्रमानें करावी.

पहिली परीक्षा कुळाची. पान चुरगाळून वास घ्यावा. मोहरीसारखा उग्र वास आला तर रोप मोहरीच्या मोठ्या कुळांतील आहे असें समजावें. परंतु एवढ्यावरून कोबी कीं मुळा हें ठरत नाहीं. पानावरून हळूच बोट फिरवावें. मुळा व सलगम यांच्या पानांवर खरखरीत लव लागते. कोबीवर्गाचें पान गुळगुळीत असून त्याच्यावर निळसर मेणचट थर असतो, व त्यावर पाण्याचा थेंब टाकला असतां तो मोत्यासारखा घरंगळतो. पानांस अळीनें भोकें पाडलीं आहेत, यावरूनहि कांहीं ठरवूं नये. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग या सर्वांवरच अंडीं घालतो.

दुसरी परीक्षा देंठाची. पांच-सहा पानें आल्यावर ती करावी. कोबीचें पान रुंद व वाटोळें, देंठ आंखूड, आणि पानाचें पातें देंठाच्या बुडाकडे उतरत आलेलें असतें. फुलकोबीचें पान लांबट व उभट असून मधली शीर रुंद व पांढुरकी असते. नवलकोलाचा देंठ लांब व बारीक असतो, आणि पात्याच्या बुडाशीं लहान लहान कानासारखे तुकडे दिसतात. ब्रोकोलीचा देंठहि लांब, परंतु जाड. तिच्या पानाच्या कडा अधिक खोल कातरलेल्या व रंग गडद निळसर.

तिसरी परीक्षा खोडाची. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनीं जमिनीच्या किंचित् वर खोड फुगूं लागलें, तर तो नवलकोल, यांत शंका नाहीं. खोड न फुगतां मधलीं पानें आंत वळूं लागलीं, तर तो कोबी. फुलकोबीचीं मधलीं पानेंहि आरंभीं आंत झुकतात. म्हणून तीं हलकेच बाजूस सारून पाहावें. आंत पानावर पान घट्ट बसलेलें असेल तर कोबी, पांढरी दाणेदार गांठ असेल तर फुलकोबी, हिरव्या कळ्यांचा झुबका असेल तर ब्रोकोली.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. हिंवाळ्यांत शेताच्या बांधावर व पडक्या जागीं पिवळा धोत्रा उगवतो. त्याचें पानहि निळसर असतें, व शिरा पांढऱ्या दिसतात. परंतु त्यास कांटे असतात, आणि देंठ मोडल्यास पिवळा चीक येतो. कोबीवर्गांत असा चीक कधींहि येत नाहीं. पिवळ्या धोत्र्याचें बीं विषारी आहे. मोहरीच्या तेलांत त्याच्या तेलाची भेसळ झाल्यामुळें इ. स. १९९८ मध्यें दिल्लींत जलोदरासारख्या सुजेच्या रोगाची सांथ आली व कित्येक माणसें दगावलीं. ज्याची खात्री नाहीं तें पान भाजींत घालूं नये.

कित्येक वेळां तिन्ही परीक्षा करूनहि एखादें रोप कोणत्याच वर्णनास पुरें जुळत नाहीं. याचें कारण बियाण्यांत शोधावें. कोबीचे प्रकार एका जातीचे असल्यामुळें जवळजवळ फुलले असतां त्यांचा सहज संकर होतो. डार्विन यानें निरनिराळ्या प्रकारांचे कोबी शेजारीं शेजारीं असतांना त्यांच्या बियांपासून २३३ रोपें वाढविलीं. त्यांपैकीं ७८ च आपल्या प्रकारास धरून निघालीं, असें त्यानें इ. स. १८५९ च्या ग्रंथांत लिहिलें आहे. कोबीस फुलावयास दीर्घ थंडी लागते, ती आपल्या पठारावर मिळत नाहीं. म्हणून घरीं त्याचें बीं धरूं नये. कुलूच्या खोऱ्यांतील कटराईं यासारख्या थंड ठिकाणीं, निरनिराळ्या प्रकारांत पुरेसें अंतर राखून तें तयार करितात.

यांचीं नांवेंहि दूर देशींचीं आहेत. ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’ यापासून आला असें मानतात, व ‘नवलकोल’ या नांवांत डच भाषेंतील गांठीच्या कोबीचें नांव आपल्या जिभेस रुचेल असें बदललेलें आहे. परदेशींहून आलेलीं हीं रोपें आज आपल्या बाजारांत घरचीं झालीं आहेत.

विद्यार्थ्यांनीं यंदाच्या हिंवाळ्यांत एवढें करावें. रोपें आणतांच प्रत्येक प्रकार वेगळ्या वाफ्यांत लावावा, व बांबूच्या कामटीवर शिसपेन्सिलीनें नांव आणि लावणीची तारीख लिहावी. शाई पावसानें व उन्हानें उडते, पेन्सिलीचें अक्षर टिकतें. कामटी हरवली तरी घाबरूं नये. दर आठवड्यास एकदां देंठ, मधली शीर व खोड पाहून वहींत टिपून ठेवावें. ज्याच्यावर आधीं नवलकोलाची खूण दिसेल तें आधीं काढून घ्यावें, आणि त्याच्या वांट्याचें पाणी शेजारच्या कोबीस द्यावें. पाटीवरचें नांव दुसऱ्यानें लिहिलेलें असतें. पानावरचें नांव वाचण्यास मात्र आपलेच डोळे लागतात.