नाईवाल्यातील दोन गाड्या

करोल बाग, नवी दिल्ली
वैशाख वद्य द्वितीया

चिरंजीव बाळास,


तुझे पत्र पोहोचले. ज्या दोन जुन्या मोटारसायकलींची छायाचित्रे पाठवून तू माझा कौल मागितला आहेस, त्या मी काल मंगळवारी, सोमवारी इथला बाजार बंद असतो म्हणून एक दिवस थांबून, सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळीच नाईवाल्यात जाऊन स्वतः पाहून आलो. उन्हाळा लागला की लडाख-स्पितीकडे निघालेली देशोदेशीची मुले याच गल्ल्यांत गाड्या विकत घेतात, सामानाचे कठडे बसवून घेतात आणि परत आल्यावर पुष्कळदा त्याच दुकानदाराला गाडी विकूनही जातात. म्हणून इथली प्रत्येक जुनी गाडी एखादा डोंगर पाहून आलेली आहे असे धरून चालावे, आणि त्या डोंगराने तिचे काय केले हे ताडण्याचे काम आपले आहे असे समजावे.

या कामी मला माझा धंदाच उपयोगी पडला. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायापायी हिंदुस्थानभर पांगली. त्यांतलाच एक मी, आणि बीडनपुरा-रैगरपुऱ्याच्या गल्ल्यांत सोनारांचा चुरा आणि मोड वितळवीत माझे सारे आयुष्य गेले. त्या मुशीपुढे बसून एकच गोष्ट मी शिकलो, ती अशी की, सोने डोळ्यांनी पारखू नये. ज्या कामासाठी ते हवे आहे त्या कामाला ते उतरते की नाही हे कसाला लावून पाहावे. तुझ्या प्रश्नालाही हाच न्याय लावतो.

पहिली गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन, २०२१ सालची, ४११ सीसीची. दुसरी हिरोची एक्सपल्स, चार व्हॉल्व्हची, २०२२ सालची, सुमारे २०० सीसीची. दोहोंचे पुढले चाक २१ इंची, दोहोंचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, म्हणजे खडकाळ वाटेवर दोघींची उंची सारखीच. फरक आहे तो बळात आणि वजनात. हिमालयनची ताकद सुमारे साडेचोवीस अश्वशक्ती आणि ओढ ३२ न्यूटन-मीटर, तर एक्सपल्सची सुमारे १९ अश्वशक्ती आणि ओढ १७ न्यूटन-मीटरांच्या थोडी वर. पण इंधन भरलेल्या हिमालयनचे वजन १९९ किलो आहे आणि एक्सपल्सचे १५८. हे ४१ किलोंचे अंतर जुन्या मापाने मणभराहून अधिक भरते. हमरस्त्यावर हा मणभर भार जाणवत नाही, उलट गाडी वाऱ्याला दबत नाही म्हणून तो हवासाच वाटतो. परंतु तुझ्याकडे पाटणच्या बाजूला भर श्रावणात, तांबड्या मातीच्या निसरड्या चढणीवर, जिथे हाकेला ओ द्यायला माणूस नाही अशा ठिकाणी गाडी आडवी झाली, म्हणजे तो मण तुझ्या एकट्याच्या पाठीवर येतो.

तू म्हणशील, 'मामा, मला तर जूनअखेर स्पितीला जायचे आहे.' तुझा हा मुद्दा मी मान्य करतो. त्या वाटेवरची कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरांहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन पंचमांशांहूनही किंचित कमी होतो, आणि इंजिन जेवढी हवा ओढील तेवढेच इंधन जाळू शकत असल्याने त्याचे बळही साधारण त्याच प्रमाणात घटते. म्हणजे मूळच्या एकोणीस अश्वशक्तीतून अकराच उरतात. सामान लादून, मागे मित्र बसवून त्या चढाला भिडायचे असेल तर हिमालयनची संथ, खालच्या फेऱ्यांतली ओढ सरस ठरते यात शंका नाही. पण स्पितीचे दिवस दहा, आणि त्यानंतरचे वर्षाचे सगळे रविवार आपल्या विट्याच्या आसपासच्या माळांवरचे आणि पाटण-कोयनेकडच्या डोंगरवाटांवरचे. दहा दिवसांच्या हौसेसाठी घेतलेली वस्तू उरलेले वर्षभर बाळगावी लागते, हे खरेदी करणाराच पुष्कळदा विसरतो. स्पितीला तू एकटा, बेताच्या सामानानिशी जाणार आहेस. एक्सपल्स तुला तिथे नेईल, फक्त चढावर ती सावकाश जाईल आणि तुलाही सावकाश जायला लावील, आणि त्या उंचीवर शरीराला तेच हितावह असते.

आता प्रत्यक्ष तपासणीत काय आढळले ते सविस्तर लिहितो, कारण पुढे तुला हे स्वतः करावे लागेल. हिमालयन दिसायला देखणी, टाकी आरशासारखी पुसलेली. मात्र मी इंजिनाला हात लावला तो ते कोमट. मी येण्याआधीच कोणी ते चालू करून ठेवले होते. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जो आवाज करते आणि जो निळसर धूर सोडते, त्यातच ते तेल पिते की काय हे कळत असल्यामुळे, कोमट इंजिन दाखवणे म्हणजे साक्षीदाराला आधी पढवून आणणेच होय. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, पुढले चाक अधांतरी ठेवून, हँडल दोन बोटांनी अलगद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, तर ते बरोबर मध्यावर खाचेत पडल्यासारखे अडले: कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेले बेअरिंग, गेलेले. फोर्कच्या नळीवर बोट फिरवले, तर तेलाचे ओले कडे बोटाला लागले. खाली वाकून पाहिले, तर इंजिनाखालच्या पत्र्याला खोल पोच होता आणि त्यावर ताजा काळा रंग मारलेला होता. खरचटलेल्या पत्र्याचा मला राग नाही, डोंगरात जाणाऱ्या गाडीचा पत्रा खरचटणारच. झाकलेल्या पोचाचा मात्र मी संशय धरतो.

एक्सपल्सच्या क्लचच्या दांडीचे टोक घासलेले, एका अंगाचे प्लास्टिक ओरखडलेले, म्हणजे ती पडलेली आहे आणि ते लपवण्याचा खटाटोप कोणी केलेला नाही. इंजिन थंडगार होते आणि पहिल्याच प्रयत्नाला लागले. चाक फिरवून त्याच्या कडेशी पेन्सिल धरली, तर रिम कुठे डुलली नाही. आऱ्या टिचकीने वाजवून पाहिल्या, त्यांत एकच बद्द बोलली. स्प्रॉकेटचे दात मात्र झिजून वाकलेले आहेत, तेव्हा चेनसकट नवा संच बसवावा लागेल आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा मागावी. सर्व्हिसचे पुस्तक पानोपानी भरलेले असून त्यातले किलोमीटरचे आकडे मीटरशी सुसंगतपणे वाढत गेले आहेत.

गाडीच्या लोखंडाइतकाच तिचा दस्तऐवज तपासावा, हे मी स्वतःच्या ठेचेवरून सांगतो. तरुणपणी मी माझी राजदूत मोटारसायकल एका ओळखीच्या गृहस्थाला विकली, कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या आणि नाव बदलले की नाही याची चौकशी केली नाही. वर्षभराने त्या गाडीच्या अपघाताबद्दल न्यायालयाचे समन्स माझ्या दारी आले, कारण दप्तरी मालक मीच होतो. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावर दायित्व, हा कायद्याचा दंडक आहे. म्हणून नमुना २९ आणि ३० वर सह्या होऊन हस्तांतराचा अर्ज ३० दिवसांच्या मुदतीत रुजू झालाच पाहिजे. गाडी विट्याला न्यायची असल्यामुळे दिल्लीच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, घ्यावा लागेल. बारा महिन्यांहून अधिक काळ ती महाराष्ट्रात राहणार म्हणून तिथला नोंदणी क्रमांक घेऊन करही भरावा लागेल. बँकेचा बोजा उतरलेला नसेल किंवा चालान थकलेले असेल तर हा दाखला अडतो. हिमालयनच्या आरसीवर बोजा अजून तसाच आहे. एक्सपल्स एकाच हातची आणि बेबाक आहे, आणि तिचा चेसिस नंबर मी अक्षर अक्षर ताडून पाहिला आहे.

तेव्हा माझा कौल एक्सपल्सला. मात्र ती घेतल्यावर एक पथ्य पाळ. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. त्याच्या हद्दीत रस्ता सोडून चाक घालू नकोस. कासच्या पठारासारखे सडे वरून नुसते कातळ दिसतात, पण त्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात पावसाळ्यात जे फुलते, ते एका चाकोरीने कायमचे मोडू शकते. वाट आधी पडलेली असेल तिथूनच जावे, गुरे समोर आली तर इंजिन बंद करून थांबावे, आणि शेताच्या बांधावरून जाण्याआधी शेतकऱ्याला विचारावे.

इसार मी अजून दिलेला नाही. तू येशील त्या दिवशी आपण बरोबर जाऊ. गाडी मोकळ्या जागी गोधडीवर आडवी घालू. इंजिन बंद, गिअर पडलेला. मग तू बैठकीकडे पाठ करून खाली बस, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धर, आणि पाठ न वाकवता पायांच्या बळावर मागे रेटत तिला उभी कर. तीन वेळा एकट्याने उभी केलीस, की त्याच पावली मी पैसे मोजीन.

आईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा