कोणतें लांकूड अधिक उष्णता देतें?

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं आम्हीं एका वखारींतून बाभळीचीं लांकडें वजनावर आणविलीं. बाभळीसारखें सरपण नाहीं, असें लहानपणापासून ऐकत आल्यामुळें दर थोडा चढा असूनहि आम्हीं तो मुकाट्यानें दिला. परंतु चूल पेटविली तेव्हां लांकडांच्या टोकांतून पाण्याचा फेस येऊं लागला, घर धुरानें कोंदलें, आणि फुंकणीनें फुंकतां फुंकतां आमच्या मातोश्रींचे डोळे लाल झाले. शेजारीं मात्र आंब्याच्या वाळक्या फाट्यांवर भराभर स्वयंपाक होत होता. "बाभूळ नांवाचीच चांगली!" असें मातोश्री म्हणाल्या. यांत बाभळीचा दोष होता काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

हा प्रश्न नवा नाहीं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं मार्कस बुल नांवाच्या गृहस्थानें निरनिराळीं लांकडें व कोळसे यांची परीक्षा घेतली आणि १८२६ सालीं आपला निबंध अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढें मांडला. त्याची युक्ति सोपी होती. एका खोलीच्या आंत त्यानें दुसरी लहान खोली बांधिली व तींत लोखंडी शेगडी ठेविली. मग पूर्ण वाळविलेलें एक पौंड लांकूड जाळून, बाहेरच्या खोलीपेक्षां आंतली खोली फॅरनहाइटचे १० अंश अधिक उष्ण किती वेळ राहते, हें त्यानें घड्याळ लावून पाहिलें. हिकरी नांवाच्या फार जड लांकडानें ती ६ तास ४० मिनिटें उष्ण राहिली. पांढऱ्या ओकनें ६ तास २० मिनिटें. आणि हिकरीच्या निम्म्याहूनहि हलका असा जो पांढरा पाइन, त्यानेंहि ६ तास ४० मिनिटेंच! मात्र वजनाऐवजीं रचलेल्या ढिगाच्या आकारानें हिशेब केला, तेव्हां हिकरीस १०० गुण धरल्यास ओकला ८१ व पाइनला अवघे ४२ पडले.

असें कां व्हावें? सर्व लांकडें मुख्यतः सारख्याच द्रव्यांचीं बनलेलीं असतात. जड लांकडांत तें द्रव्य दाटून भरलेलें असतें. हलक्यांत पोकळी फार. म्हणून एक किलो पूर्ण वाळलेलें लांकूड, मग तें कोणत्याहि झाडाचें असो, बहुधा ४५०० ते ५००० किलोकॅलरी उष्णता देतें. (एक किलो पाणी सेल्सिअसच्या एका अंशानें तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी.) बाभळीच्या गाभ्याची सुमारें ४९५० व बाहेरच्या भागाची सुमारें ४८०० भरते. ज्यांत राळ असते तें लांकूड थोडी अधिक देतें, इतकेंच.

आपल्या रानांतील झाडांसहि हाच नियम लागू पडतो. खैराचें लांकूड जवळजवळ पाण्याइतकें जड, बाभळीचें त्याहून थोडें हलकें, आणि पांगारा व सांवर यांचें पाण्याच्या निम्म्याहूनहि हलकें. म्हणून एका मोळींत खैराची किंवा बाभळीची जितकी उष्णता मावते, तितकी पांगाऱ्याची मावत नाहीं. शिवाय जड लांकडाचा निखारा बराच वेळ टिकतो. हलकें लवकर पेटतें व लवकर विझतें.

आतां आमच्या बाभळीकडे वळूं. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत पुष्कळदां निम्मे पाणीच असतें. चांगल्या वाळलेल्यांत तें सुमारें पांचव्या हिश्श्यावर येतें. हिशेबासाठीं कोरड्या लांकडाची उष्णता किलोस ४५०० धरूं. एक किलो ओल्या लांकडांत खरें लांकूड अर्धा किलो. त्याचे २२५० झाले. उरलेलें अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारें ३०० खर्च होतात. हातीं राहिले १९५०. वाळलेल्या किलोचे ३६०० होतात. पाण्यापायीं सुमारें १२० वजा जातां ३४८० उरतात. म्हणजे पैसे तितकेच, पण उष्णता जवळजवळ पावणेदोनपट. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. वाफेसाठीं जें गेलें तें थोडेंच. खरें नुकसान लांकडाच्या भावानें पाणी विकत घेण्यांत झालें.

याखेरीज तिसरी हानि आहे. ओल्या लांकडाचा जाळ थंड असतो. त्यामुळें लांकडांतून निघणारे वायु पुरते न जळतां धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे न जळलेलें सरपणच होय. आणि तो चुलीपुढें बसणारीच्या छातींत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील अशा धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. धुराचा सर्व दोष ओलाव्याचा नव्हे हें खरें. तथापि ओलावा तो वाढवितो, आणि तो कमी करणें आपल्या हातीं आहे.

तात्पर्य, वजनावर घेणें असेल तर झाडाच्या नांवापेक्षां कोरडेपणा पाहावा; मोळीनें किंवा गाडीनें घेणें असेल तर कोरडेपणाबरोबर जडपणाहि पाहावा. वाळल्या लांकडाच्या टोकांस भेगा पडलेल्या असतात, व दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास खणखणीत नाद येतो. ओल्यांचा नाद बद्द असतो. ओंडके आधीं फोडावे, कारण सालीच्या आंतलें पाणी सहजीं सुटत नाहीं. मग खालीं दगड व वर आडोसा देऊन वारा खेळेल अशा रीतीनें ते रचावे. विद्यार्थ्यांनीं एक ढलपी दर आठवड्यास तोलून वजन लिहून ठेवावें. वजन उतरावयाचें थांबलें कीं हवेच्या मानानें ती वाळली असें समजावें. तागडी व वही यांपलीकडे या प्रयोगास कांहीं लागत नाहीं.

आम्हींहि उरलेली बाभूळ फोडून पडवींत रचून ठेविली. दिवाळीच्या फराळास तीच चुलींत घातली, तेव्हां कढई लवकर तापली आणि फुंकणी कोपऱ्यांतच राहिली. मातोश्रींनीं बाभळीवरचा आपला आरोप मागें घेतला; आमच्या खरेदीवरचा मात्र अद्याप कायम आहे, आणि तो न्याय्यच आहे.