युद्धकाळातील फ्रेंच नाणी : एका छंदाची आणि एका चुकीची नोंद

दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या देवघरात, कुलदेवतेच्या टाकाशेजारी, मध्यभागी भोक असलेले एक फ्रेंच नाणे ठेवलेले असे. माझ्या आजोबांचे थोरले बंधू सातारा जिल्ह्यातून खडकीस जाऊन बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये भरती झाले आणि 1914 साली फ्रान्सच्या आघाडीवर गेले. परतताना त्यांनी ते नाणे आणले, असे आत्या सांगत असे. त्या एका नाण्यापायी मला युद्धकालीन फ्रेंच नाणी जमवण्याचा छंद लागला, आणि आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात ती कथा मी दोनदा रंगवून सांगितलीही. आज तिची दुरुस्ती करणे मला भाग आहे.

युद्धकाळातील नाणे पाहताना प्रथम त्यावरील अक्षरे वाचू नयेत, धातू पाहावा. शांततेच्या काळात नाणे कसे असावे हे राज्यकर्ते ठरवतात. युद्धात ते तोफखाना ठरवतो. काडतुसांना तांबे लागते, पोलादाला निकेल लागते. मग नाण्यांसाठी उरते ते जस्त, ॲल्युमिनियम आणि प्रसंगी लोखंड. 1940 साली फ्रान्सचा पाडाव झाल्यावर मार्शल पेतां यांच्या विशी सरकारने नेमके हेच धातू वापरले. 10 आणि 20 सेंतिमची नाणी जस्ताची झाली. ॲल्युमिनियमच्या फ्रँकवरून प्रजासत्ताकाचे नाव गेले, त्याजागी ‘फ्रेंच राज्य’ अशी अक्षरे आली. आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्रयीऐवजी श्रम, कुटुंब, पितृभूमी हे शब्द कोरले गेले. पेतां यांची मुद्रा असलेले 5 फ्रँकचे नाणे 1941 साली पाडले गेले, पण व्यवहारात आलेच नाही. 1944 मध्ये दोस्त सैन्य उतरले तेव्हा मुक्त प्रदेशासाठी पितळेचे 2 फ्रँक थेट अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून पाडून आणावे लागले.

आपल्याकडेही फारसे निराळे घडले नाही. 1940 साली रुपयातील चांदी साडेएक्याण्णव टक्क्यांहून थोडी अधिक होती, ती पन्नास टक्क्यांवर आली. 1943 मध्ये तांबे वाचवण्यासाठी भोकाचा पैसा निघाला. जुना पैसा जवळजवळ पाच ग्रॅमचा, हा अवघा दोन ग्रॅमचा. आपल्यापैकी ज्येष्ठांना तो चांगलाच आठवत असेल.

आता देवघरातील नाण्याकडे वळतो. त्यावर हळदकुंकवाचा आणि पांढऱ्या बुरशीसारखा एक थर चढलेला होता. साल दिसत नव्हते आणि आत्या त्याला हात लावू देत नसे. गेल्या वर्षी घराची डागडुजी निघाली, तेव्हा देवघर हलवताना ते प्रथमच माझ्या हाती आले. व्यास भरला 24 मिलिमीटर. पहिल्या महायुद्धाच्या काळातील भोकाच्या 25 सेंतिमचा व्यास हाच, म्हणून क्षणभर आनंद झाला. मग दागिन्यांच्या काट्यावर ठेवले. वजन भरले साडेतीन ग्रॅम. ते पाच हवे होते.

पुढची तपासणी करण्याचे खरे तर धाडस होत नव्हते. आपण रुग्णाचा अहवाल उघडताना ज्या रीतीने थबकतो, तसा थबकलो. लोहचुंबकाला नाणे चिकटले नाही, म्हणजे लोखंड नव्हे. (विशीच्या अखेरीस 20 सेंतिमची काही नाणी लोखंडाचीही निघाली.) पांढरा थर म्हणजे जस्ताचे क्षार, आपल्या मलमातील झिंक ऑक्साइडचेच हे भाईबंद. भिंगाखाली ‘फ्रेंच राज्य’ ही अक्षरे उमटली, आणि त्यामागोमाग 1942 हे साल. थोरले आजोबा 1916 साली घरी परतले होते.

आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली, जी मला आरंभीच सुचायला हवी होती. फ्रान्समधील भोकाची नाणी 1914 साली पाडण्यास आरंभ झाला खरा, पण ती लोकांच्या हाती सर्रास खेळू लागली 1917 नंतर. 1914-15 च्या शिपायाच्या खिशात असणार ते पेरणी करणाऱ्या स्त्रीचे चित्र असलेले चांदीचे फ्रँक, नाहीतर कांस्याचे जाडजूड सेंतिम.

मग हे आमच्याकडे आले कोठून? याच दांडिया बाजारात राहिलेले श्रीअरविंद 1910 साली फ्रेंच पाँडिचेरीस गेले. तिकडून कोणी आणले असेल, असाही तर्क केला. परंतु पाँडिचेरीत व्यवहार रुपयांतच चाले, आणि सप्टेंबर 1940 मध्ये ती वसाहत द गॉल यांच्या पक्षाला मिळाली होती. विशीच्या जस्ताचे तेथे काही काम नव्हते.

आत्याला सांगायचे की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. नव्वदी ओलांडलेल्या बाईच्या देवातले नाणे खोटे ठरवून काय साधणार, असे घरातल्यांचे मत होते. पण मी ती कथा चारचौघांत सांगितली होती. सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लहानपणी भोकाचे पैसे दोऱ्यात ओवून आम्ही माळ करायचो. त्यात एक पांढुरके होते.” थोड्या वेळाने तिने विचारले, “मग थोरल्या काकांच्या हातचे आपल्याकडे काहीच नाही का रे?”

नाण्याच्या रूपाने नाही, हे खरे. मात्र खडकीच्या सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या तुकड्या 28 ऑक्टोबर 1914 रोजी नव्ह शापेल या गावावरील हल्ल्यात पायदळासारख्या लढल्या आणि त्यांची अपरिमित हानी झाली, हे इतिहासात नोंदलेले आहे. त्या गावी 1927 साली उभारलेल्या भारतीय स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक नावे आहेत. थोरल्या आजोबांचे नाव त्यांत नाही, कारण ते परत आले. हे मी आत्याला वाचून दाखवले.

नाणे तिने परत मागून घेतले आणि टाकाशेजारी ठेवले. मी एवढीच विनंती केली, की त्यावर आता पाणी, हळदकुंकू घालू नये आणि चिंच-लिंबाने तर मुळीच घासू नये. जस्ताला आम्ल सोसत नाही. लहान मुलाने जस्ताचे नाणे गिळले तर जठरातही तेच घडते, म्हणून पणतवंडांच्या हाताला लागणार नाही असे ते वरच्या फळीवर, कोऱ्या कागदाच्या पुडीत ठेवले आहे.