अलिप्त मध्यस्थ

दोन घराण्यांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ आपल्या परिचयाचा असतो. त्याच्यावाचून बोलणी पुढे सरकत नाहीत. पण लग्न लागले, की तो आला तसा परत जातो आणि दुसऱ्या घरची सोयरीक जुळवू लागतो. रसायनशास्त्रातही असे मध्यस्थ आहेत. त्यांना उत्प्रेरक म्हणतात. ते रासायनिक क्रियेत भाग घेऊन तिचा वेग वाढवतात. परंतु क्रिया संपल्यावर पुन्हा मूळ रूपात उरतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये या प्रकाराला नाव दिले.

वनस्पती तूप तयार करताना तेलात निकेल धातूची बारीक पूड मिसळून हायड्रोजन वायू सोडतात. निकेलच्या सान्निध्यात तेलाचे रेणू हायड्रोजन स्वीकारतात आणि पातळ तेल घट्ट होते. नंतर ते निकेल गाळून काढावे लागते.

अडचण आहे ती येथेच. काही औषधे बनवताना पॅलेडियमसारखा मौल्यवान धातू वापरतात. पूड जितकी बारीक, तितके तिचे काम चांगले. पण तितकीच ती गाळून काढणे कठीण. द्रवात विरघळणारा उत्प्रेरक तर गाळणीत सापडतच नाही. मागे राहिलेला अंश औषधाची शुद्धता बिघडवतो. आणि गेलेला धातू म्हणजे गेलेले धन!

मग हा मध्यस्थ एके जागी बांधून ठेवता आला तर? यासाठी शास्त्रज्ञांनी बहुवारिकाचा आधार घेतला. लहान लहान रेणू मण्यांप्रमाणे एकामागून एक ओवले गेले, की बहुवारिकाची साखळी होते. आपले नेहमीचे प्लॅस्टिक अशाच साखळ्यांचे असते. या साखळ्यांच्या जाळ्यात धातूचे कण अडकवले, की इतर पदार्थ त्यांच्यापर्यंत पोहोचतात. कण मात्र जागचे हलत नाहीत.

२००४ मध्ये टोकियो विद्यापीठातील शू कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काचेतील एक अरुंद पाट घेतला. त्याची लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी केवळ ०.२ मिलिमीटर आणि खोली ०.१ मिलिमीटर! पॅलेडियम धरून ठेवणारे बहुवारिक त्यांनी या पाटाच्या भिंतींना पक्के जोडले. मग पाटातून द्रव आणि हायड्रोजन एकत्र सोडले. वायू मधून वाहू लागला आणि द्रव भिंतींना बिलगून पुढे सरकला. अशा रीतीने वायू, द्रव आणि धातू यांची भेट सहज घडली. क्रिया दोन मिनिटांच्या आत पूर्ण झाली. बहुतेक प्रयोगांत बाहेर आलेल्या द्रवात पॅलेडियम आढळले नाही.

एवढ्याशा पाटात हे कसे साधले? थोडे गणित करू. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती भांड्यात १ लिटर द्रव मावतो. त्या भांड्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. तेवढाच द्रव अशा पाटांत भरला, तर त्याला सुमारे ३,००,००० चौरस सेंटिमीटर भिंत लाभते. म्हणजे भेटीची जागा पाचशे पट वाढते. शिवाय एका वेळी पाटात हायड्रोजन अगदी थोडा असल्याने स्फोटाचे भयही कमी होते.

अर्थात, एका पाटातून मिळणारा माल थोडाच असतो. अधिक हवा असल्यास अनेक पाट शेजारी शेजारी ठेवावे लागतात. घन कणांनी पाट तुंबतो. दीर्घकाळ वापरल्यास जाळ्यातून धातू हळूहळू निसटूही शकतो. या उणिवांवर संशोधन चालूच आहे.

मोठे काम मोठ्या भांड्यातच होते, असे नाही. ज्यांची भेट व्हावयास हवी, त्यांना जवळ आणणे आणि जो मध्यस्थ आहे, त्याला जपणे, यांतच खरे कौशल्य आहे.

शब्दार्थ
अलिप्त – न गुंतलेला
सान्निध्य – जवळीक
बहुवारिक – अनेक लहान रेणू जोडून झालेला मोठा रेणू

स्वाध्याय
१. उत्प्रेरकाला ‘अलिप्त मध्यस्थ’ का म्हटले आहे?
२. ‘गेलेला धातू म्हणजे गेलेले धन’ हे विधान स्पष्ट करा.
३. अरुंद पाटाचे दोन फायदे आणि दोन उणिवा लिहा.
४. ‘आला तसा परत जाणे’ या शब्दसमूहाचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.