काम लांबलं: मुदत द्यायची की पैसेही?



समजा, आपल्या संस्थेने शाळेच्या दोन खोल्यांचं काम ठेक्याने दिलंय. जूनमध्ये मुलं बसायला हवीत, पण स्लॅबच बाकी आहे. ठेकेदार म्हणतो, "मुदत वाढवा, जादा पैसेही द्या." चिडण्याआधी एकच प्रश्न विचारा: उशीर कोणामुळे झाला?

१. मालकामुळे: जागा उशिरा मोकळी करून दिली, नकाशे वेळेत दिले नाहीत. इथे साधारणपणे मुदत आणि जादा खर्च दोन्ही मागता येतात.

२. कोणाच्याच हातात नसलेल्या कारणामुळे: उदा. नेहमीपेक्षा फारच जास्त पाऊस. बऱ्याच करारांत इथे फक्त मुदत मिळते.

३. ठेकेदारामुळे: मजूर कमी लावले. इथे काहीच मिळत नाही, उलट दंड बसू शकतो.

मागणी मात्र वेळेत आणि लेखी हवी. मोठ्या कामांसाठीच्या फिडिकच्या १९९९ च्या करारनमुन्यात सूचनेला २८ दिवस आहेत. ते चुकले की हक्क जातो. आपल्या भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ सांगतं की, वेळ महत्त्वाची असलेल्या करारात उशिरा झालेली गोष्ट स्वीकारतानाच भरपाईची सूचना द्यावी लागते. गप्प बसलात तर ती मागता येत नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: जागा कधी दिली, पाऊस कधी पडला, मजूर किती आले. उद्या वाद लवादासमोर गेला तर हीच वही कामी येईल. पावसाची नोंद नववीच्या मुलांकडे द्या, तेवढाच एक उपक्रमही होईल!