सामायिक संगणक-लेखनाची शिस्त

आमच्या नातवाने गतवर्षी रात्री जागून ‘लिनक्स’ या संगणक-प्रणालीसाठी एक दुरुस्ती लिहून धाडली. ती परत आली, तेव्हा तो फार हिरमुसला. परतीचे कारण आम्ही त्याच्याकडून समजून घेतले आणि ध्यानात आले की, ही तर आपल्या पेढीचीच रीत !

लिनक्स ही कोणा एकाची मिळकत नव्हे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. आज जगभरचे सहस्रावधी लोक तीत भर घालतात. इतके हात एकाच वहीत लिहू लागले म्हणजे शिस्त हवीच. तिचे मुख्य नियम येणेप्रमाणे :

(१) एका दुरुस्तीत एकच गोष्ट करावी. जोंधळा व तूर एकाच पोत्यात भरल्यास पारख होत नाही.

(२) बदल का केला, हे स्पष्ट लिहावे. कीर्दीत तपशील गाळला, तर वर्षअखेरीस लिहिणाऱ्यासही उमगत नाही.

(३) धाडण्यापूर्वी स्वतः चालवून पाहावे.

(४) खाली आपले नाव घालून, हे लेखन देण्याचा आपणांस अधिकार आहे, अशी ग्वाही द्यावी. २००३ साली लिनक्समधील लेखनाच्या मालकीवरून अमेरिकेत दावा गुदरला गेला. त्यानंतर २००४ साली ही प्रथा पडली.

(५) त्या भागाचा राखणदार दोष दाखवील, तर राग न मानता सुधारून पुन्हा धाडावे.

एवढी कडक पारख कशासाठी, असे कोणी विचारील. तरुणपणी आम्ही एका जुन्या ओळखीच्या आडत्याचा माल नमुना न पाहता उतरवून घेतला. वरची थप्पी चोख, आतली पोती भिजकी निघाली. संगणकाच्या जगातही तसेच घडले. ‘एक्सझेड’ या सामायिक साधनात एका इसमाने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादिला व अखेर त्यात चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे दिसले. त्याने त्याचा माग काढला, म्हणून अनर्थ टळला. विश्वास असावा, पण त्याने पारख सुटत नाही.

नातवाने पुढे एका दुरुस्तीच्या तीन केल्या. दोन स्वीकारल्या गेल्या. तिसरी अद्याप परत येते आहे, आणि तो हसतमुखाने ती सुधारीत आहे. ज्या घरांत अशी मुले आहेत, त्यांनी परत आलेले काम अपमान न समजता शिक्षण समजावे, एवढीच आमची नम्र विनंती.