शेतशिवारातील महिला व कुटुंबाची सुरक्षितता : रोजच्या सवयी

शेतीतील निंदणी, कापूस वेचणी, मिरची खुडणी, पेरणीनंतरची विरळणी ही बहुतेक कामे महिला करतात. नंदुरबार जिल्ह्यात तर सरपण, पाणी, गुरांचा चारा आणि बाजाराची वाट हीसुद्धा त्यांच्याच वाट्याला येते. बियाणे, खते, औषधे यांविषयी आपण दर हंगामात बोलतो. परंतु शेतात जाणारी स्त्री संध्याकाळी सुखरूप घरी परत येते की नाही, हा विषय शेतीच्या नियोजनात क्वचितच घेतला जातो. मजूर सुरक्षित नसेल तर काम वेळेवर होत नाही, आणि घरातील मुलगी सुरक्षित नसेल तर तिची शाळा सुटते. म्हणून हा विषय शेतीबाहेरचा नाही. प्रस्तुत लेखात शेतकरी कुटुंबाने रोज पाळावयाच्या सवयी, प्रसंग आल्यास करावयाचा बचाव आणि कायद्याचा आधार यांची माहिती दिली आहे.

शहाद्याचा धडा

या बाबतीत आपल्याला दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. शहादा तालुका त्यावेळी धुळे जिल्ह्यात होता. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तेथील भिल्ल शेतमजुरांना जमीन, मजुरी आणि सालदारीच्या प्रश्नावर संघटित केले. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. त्याच सुमारास दुष्काळ होता व दुष्काळी कामांवर बाया मोठ्या संख्येने एकत्र आल्या. मजुरीबरोबरच त्यांनी आपला आणखी एक प्रश्न मांडला : घरातील दारू आणि मारहाण. गावोगावच्या बायांनी एकत्र जाऊन दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला.

त्या बायांजवळ शस्त्र नव्हते. एकटी बाई जे बोलू शकत नव्हती ते वीस बाया मिळून बोलल्या, एवढाच त्यांचा उपाय होता. पुढे दिलेल्या सर्व सवयींचे मूळ या अनुभवात आहे.

धोका कोठे असतो ?

एकटेपण, अंधार आणि आडोसा या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे धोका वाढतो. वाईट हेतूचा माणूस आणि उसात दडलेला बिबट्या, दोघांनाही याच तीन गोष्टींचा फायदा मिळतो. तीनपैकी एक जरी कमी केली तरी धोका बराच कमी होतो.

मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. धोका फक्त अनोळखी माणसाकडून असतो असे आपण मुलींना सांगतो. प्रत्यक्षात नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत बहुतेक आरोपी ओळखीचे असतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत. म्हणून नाते किंवा ओळख पाहून नव्हे, तर वागणूक पाहून सावध व्हावे.

पीक नियोजनात घ्यावयाची काळजी

१) घर, पायवाट, विहीर व शाळेच्या रस्त्याला लागून ऊस, ज्वारी, मका यांसारखी उंच पिके लावू नयेत. निदान १० ते १२ फुटांचा पट्टा सोडून त्यात हरभरा, भुईमूग, मेथी, कांदा अशी बुटकी पिके घ्यावीत. जमीन पडीक राहत नाही आणि नजर मोकळी राहते.

२) उसाची लागवड जोडओळ पट्टा पद्धतीने (२.५ × ५ फूट किंवा ३ × ६ फूट) करावी. मधल्या मोकळ्या पट्ट्यातून पाहता येते, चालता येते व आंतरपीकही घेता येते. खालची वाळलेली पाने वेळेवर काढावीत.

३) बांधावरील वेडी बाभूळ, घाणेरी, गाजरगवत पावसाळ्यानंतर काढून टाकावे. आडोसा जातो आणि सापांचा धोकाही घटतो.

४) रात्रीचे पाणी देणे शक्य तेवढे कमी करावे. २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यास १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. दिवसा पाणी देता आले की घरातील कोणालाच रात्री शिवारात जावे लागत नाही. जावेच लागले तर दोघांनी मिळून, बॅटरी, काठी व पायात बूट घालून जावे.

५) विहिरीला कठडा बांधावा. बायका व मुले पाणी भरतात तेथे आणि खळ्यावर दिवा असावा.

कामावर जाता-येता

शेतावर, डोंगरात सरपणाला किंवा मिरचीच्या पथारीवर जाताना किमान दोघी-तिघींनी मिळून जावे. कोठे जात आहोत व केव्हा परतणार हे घरी एका माणसाला सांगावे. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाल्यास त्याने शोध घ्यावयाचा, हेही आधीच ठरवावे. गळ्यात दोरीला शिट्टी बांधावी. शिट्टीचा आवाज ओरडण्यापेक्षा दूर जातो व दम लागत नाही.

मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांनीही जबाबदारी ओळखली पाहिजे. काम अंधारापूर्वी थांबवावे. मजुरी शेतावरच, सर्वांसमक्ष द्यावी. एकट्या बाईला ‘संध्याकाळी घरी ये, पैसे घेऊन जा’ असे सांगू नये. मजुरांना घरी पोहोचविणाऱ्या गाडीत शेवटी एकटीच बाई राहील असा क्रम ठेवू नये.

ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये किंवा अन्य जिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबांनी मुकादमाचे पूर्ण नाव, त्याचा फोन, गाडीचा क्रमांक, कारखान्याचे व मुक्कामाच्या गावाचे नाव कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवावी. पडावावर झोपड्या एकमेकींना लागून, दारे समोरासमोर ठेवावीत. आंघोळीसाठी व शौचासाठी आडोसा करून देण्याची मागणी उचल घेण्यापूर्वीच करावी. मोठ्या मुलींना पडावावर एकट्या सोडून सर्वांनी फडात जाऊ नये. शक्य असल्यास त्यांना गावी वसतिगृहात ठेवावे.

बिबट्याबाबत

तळोदा, शहादा, अक्कलकुवा भागात उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो. वाकून काम करणारा माणूस व लहान मूल त्याला सावजासारखे वाटते. म्हणून फडाच्या कडेला एकटीने वाकून गवत कापू नये, बोलत किंवा रेडिओ लावून काम करावे, लहान मुलांना कडेला झोपवू नये. समोर आल्यास पळू नये व पाठ फिरवू नये. हात वर करून, ओरडत, हळूहळू मागे सरावे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

मुलांना काय शिकवावे ?

१) आपले पूर्ण नाव, गाव, तालुका व घरचा फोन नंबर पाठ असावा. सारंगखेड्याची यात्रा किंवा होळीच्या गर्दीत लहान मुलाच्या खिशात नंबराची चिठ्ठी ठेवावी.

२) घरात एक खुणेचा शब्द ठरवावा. ‘तुझ्या बाबांनी बोलावले आहे’ असे कोणी म्हटले तर मुलाने तो शब्द विचारावा. शब्द न सांगणाऱ्याबरोबर जाऊ नये.

३) शरीराचे झाकलेले भाग कोणी हाताळले, किंवा ‘कोणाला सांगू नको’ असे म्हटले, तर लगेच आईला सांगावे. मुलाने सांगितले तर त्याला रागावू नये. पहिल्यांदा रागावले की मूल दुसऱ्यांदा सांगत नाही.

प्रसंग आल्यास बचाव

बचावाचा उद्देश समोरच्याला हरविणे नसून तेथून सुटून माणसांत पोहोचणे हा असतो. पुढील गोष्टी आठ-दहा जणींनी मिळून महिन्यातून एकदा अंगणात करून पाहाव्यात.

१) सुरुवातीलाच मोठ्या आवाजात ‘मागे हो’ असे म्हणावे. नाव माहीत असल्यास नाव घेऊन ओरडावे. ओळखीचा माणूस नाव घेतल्यावर बिचकतो.

२) मनगट धरल्यास हात सरळ मागे ओढू नये. पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला पकड सर्वांत कमजोर असते. त्या बाजूला हात वळवून झटका द्यावा.

३) मूठभर माती डोळ्यांत फेकणे, टाचेने पाऊल किंवा नडगीवर मारणे, कोपराने मागे मारणे, नाकावर तळहाताचा प्रहार करणे हे उपाय ताकद कमी असली तरी उपयोगी पडतात. मारून थांबू नये, लगेच पळावे.

४) विळा किंवा कोयता धमकावण्यासाठी उगारू नये. झटापटीत तो हिसकावला गेल्यास आपल्यावरच उलटतो.

५) फोनवरून ११२ हा क्रमांक लावावा. अनेक मोबाईलवर चालू-बंदचे बटण तीन वेळा लागोपाठ दाबल्यास, व साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरल्यास हा फोन लागतो. आपल्या फोनवर तशी सोय आहे का हे आधीच पाहून ठेवावे.

भीतीने हातपाय गळून जाणे व काहीच करता न येणे हेही अनेकदा घडते. तो त्या स्त्रीचा दोष नाही. ‘तू ओरडली का नाहीस ?’ असे घरच्यांनी विचारू नये.

कायद्याचा आधार

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. बचावासाठी गरजेपुरते बळ वापरणे हा गुन्हा नाही.

घरातील मारहाणीविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते व राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रालाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे काम करतात तेथील बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते.

सातपुड्यात एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवून छळण्याचे प्रकार घडत आले आहेत. गावात मूल आजारी पडले, गुरे मेली की एकट्या, विधवा किंवा जमीन असलेल्या बाईवर संशय घेतला जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार हा गुन्हा आहे. त्याला ६ महिने ते ७ वर्षे कैद व ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. कुजबुज सुरू होताच त्या बाईला एकटी पडू देऊ नये व पोलिसांना कळवावे. आजाऱ्यास दवाखान्यात नेणे हाही त्या बाईच्या बचावाचाच भाग आहे.

अत्याचार घडल्यास आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे प्लॅस्टिकऐवजी कागदात गुंडाळून ठेवावेत आणि शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जावे. सरकारी असो वा खाजगी, अत्याचारग्रस्तास मोफत उपचार देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविता येते व तिची प्रत मोफत मिळते. परराज्यात तोडीवर असलेल्या कुटुंबांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

भिंतीवर लिहून ठेवावयाचे क्रमांक : तातडीची मदत ११२, महिला मदत १८१ (गुजरातमध्येही हाच), मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिका १०८.

गावाने काय करावे ?

खरिपाच्या पेरणीपूर्वी एक दिवस गावातील बाया, सरपंच, पोलीस पाटील व शिक्षक यांनी मिळून संध्याकाळी शिवारफेरी काढावी. कोठे दिवा नाही, कोणत्या वाटेने मुली शाळेत जातात, दारू कोठे विकली जाते, याची यादी करावी. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. ही यादी तेथे मांडून ग्रामसभेत ठराव करावा. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो व १९९६ च्या पेसा कायद्याने दारूबाबत ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. जे काम शहाद्याच्या बायांना मडकी फोडून करावे लागले, ते आज ठरावानेही सुरू करता येते. ठराव अमलात आणण्यासाठी मात्र बायांनी आजही एकत्र उभे राहावे लागते.

शेतकरी बंधूंनी या कामात मागे राहू नये. आपल्या मुलीला ‘एकटी जाऊ नको’ असे सांगणे सोपे आहे. वाटेवरचा ऊस दहा फूट मागे घेणे, मजुरी वेळेवर देणे, मुलाला शेजारच्या मुलीशी नीट वागायला शिकविणे ही कामे आपली आहेत. येत्या हंगामाचे नियोजन करताना बियाणे व खतांच्या यादीखाली आणखी एक ओळ लिहावी : शेतात गेलेली सर्व माणसे दिवेलागणीपूर्वी घरी.